निकॉन एफ३ वापरताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्मवर काम करणारा, हाताने फोकस करायचा, व्यावसायिक दर्जाचा कॅमेरा घ्यायचं ठरलं की निकॉन एफ३चं नाव निघतंच. खाली आहेत ते नवे मालक आणि घेऊ पाहणारे पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न. उत्तरं रोजच्या वापरातली आहेत. मतं जिथे आहेत तिथे ती मतं म्हणूनच मांडली आहेत.

एफ३ मध्ये असं काय आहे की लोक अजून त्याच्या मागे आहेत?

हा कॅमेरा १९८० साली आला. बाहेरचं रूप इटलीच्या जॉर्जेतो जुजारो यांनी आखलं. पकडीवरची ती लाल रेघही त्यांचीच. पुढे ऑटोफोकसचा एफ४ (१९८८) आला, एफ५ (१९९६) आला, तरी एफ३चं उत्पादन चालूच राहिलं. आडवा धावणारा टायटॅनियमचा शटर पडदा, शंभर टक्के चौकट दाखवणारा व्ह्यूफाइंडर, काढता-घालता येणारं प्रिझम आणि बॉल बेअरिंगवर फिरणारा फिल्मचा लिव्हर या त्याच्या मुख्य जमेच्या बाजू. त्यातही लिव्हरचा गुळगुळीतपणा हातात घेतल्याशिवाय कळत नाही. एका अंगठ्याने, डोळा न हलवता पुढची फ्रेम येते.

शंभर टक्के चौकटीचं महत्त्व स्लाइड फिल्म वापरणाऱ्याला लगेच पटतं. कडेला जे दिसलं तेच फिल्मवर येतं, नंतर कापाकापी करावी लागत नाही.

सेल संपले की कॅमेरा बंद पडतो का?

बहुतांशी हो. शटर इलेक्ट्रॉनिक आहे, सेल नसतील तर नेहमीचं बटण दाबून काही होत नाही. पण लेन्सच्या शेजारी, पुढच्या बाजूला एक छोटा यांत्रिक लिव्हर आहे. तो ओढला की शटर साधारण १/६० सेकंदाला सुटतं. वेगाची तबकडी ‘टी’वर ठेवली तर लांब एक्सपोजरही सेलशिवाय घेता येतं, शटर बंद करायला तबकडी ‘टी’वरून हलवायची.

१/६० वर काम कसं करायचं? ISO १०० ची फिल्म आणि लख्ख ऊन असेल तर f/१६ ला (हे लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे अ‍ॅपर्चरचं माप) साधारण १/१२५ लागतो. म्हणजे १/६० ला f/२२ हवा, आणि सगळ्याच लेन्सवर तो नसतो. f/१६ वरच ठेवलात तर एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश पडेल. रंगीत निगेटिव्ह तो सहज पचवते, स्लाइड नाही. ढगाळ हवेत किंवा सावलीत मात्र हा लिव्हर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो. म्हणून दोन सेल पिशवीत ठेवा आणि लिव्हर कुठे आहे ते बोटांना आधीच माहीत करून द्या.

कोणते सेल घालायचे?

दोन एसआर४४ किंवा दोन एलआर४४, नाहीतर एकच सीआर-१/३एन. एलआर४४ स्वस्त, पण त्यांचा व्होल्टेज हळूहळू घसरत जातो. एसआर४४ शेवटपर्यंत जवळपास सारखा व्होल्टेज देतात, त्यामुळे तेच घ्यावेत असं आमचं ठाम मत आहे. सेल तळाच्या झाकणाखाली बसतात, झाकण नाण्याने फिरतं. आटे बारीक आहेत. वाकडं बसतंय असं वाटलं की जोर लावू नका, उलटं फिरवून पुन्हा सरळ लावा.

बटण अर्धं दाबल्यावर व्ह्यूफाइंडरमधले वेगाचे आकडे साधारण १६ सेकंद दिसत राहतात. बोट काढताच विझू लागले की सेल अखेरीला आलेत असं समजा. कडाक्याच्या थंडीत सेल मलूल होतात. तेव्हा राखीव जोडी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी.

मीटरवर कितपत विसंबायचं?

बरंच, पण हा प्रकाशमापक काय मोजतो हे समजून. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध १२ मिलिमीटरचं वर्तुळ आहे. मीटरचा ८० टक्के भर त्या वर्तुळावर आणि फक्त २० टक्के बाहेरच्या भागावर असतो. जुन्या निकॉनमध्ये हे प्रमाण ६०-४० होतं. त्या सवयीने एफ३ वापरणाऱ्यांचे पहिले दोन-तीन रोल फसतात, कारण वर्तुळात जे येईल त्याच्या मागे हा मीटर मुकाट जातो.

उजळ आकाशासमोर उभी असलेली व्यक्ती घ्या. व्यक्ती कडेला आणि वर्तुळात आकाश असेल तर कॅमेरा आकाशाचं माप घेतो आणि चेहरा काळवंडतो. उपाय असा: आधी वर्तुळ चेहऱ्यावर आणा, लेन्सशेजारचं मेमरी लॉकचं बटण दाबा, दाबूनच ठेवा, चौकट पुन्हा जुळवा, मग शटर सोडा. लॉकवरचं बोट अर्ध्यात सुटलं की माप गेलं. सर्वात जास्त चूक इथेच होते. उजव्या हाताचं मधलं बोट तिथे सरावाने बसतं.

ज्यांना सतत लॉक धरणं जमत नाही त्यांनी मॅन्युअलवर, म्हणजे वेग स्वतः ठरवण्यावर जावं. तबकडी एखाद्या वेगावर ठेवा. आकड्यांच्या पट्टीत M सोबत नुसतं + दिसलं तर प्रकाश जास्त, नुसतं − दिसलं तर कमी, दोन्ही एकत्र दिसली की माप बरोबर. चेहऱ्याजवळ जाता येत नसेल तर त्याच प्रकाशात आपला तळहात वर्तुळात धरा आणि मिळालेल्या मापापेक्षा एक स्टॉप जास्त प्रकाश द्या, कारण मीटर जी मधली करडी छटा गृहीत धरतो तिच्यापेक्षा तळहात साधारण तेवढा उजळ असतो.

एक्सपोजर भरपाईची (माप मुद्दाम कमी-जास्त करण्याची) तबकडी डाव्या हाताला, रिवाइंडच्या खुंटीभोवती आहे. ती ±२ स्टॉप, एक तृतीयांशाच्या टप्प्यांनी फिरते. तिची खूण व्ह्यूफाइंडरमध्ये दिसत नाही. काम झालं की तिथल्या तिथे शून्यावर आणा, नाहीतर उरलेला सगळा रोल एक स्टॉप इकडे-तिकडे जातो.

ऑटोफोकस नाही. चेहरे खरंच धारदार येतात का?

येतात, पण अंतराचं भान ठेवावं लागतं. ५० मिमी f/१.४ लेन्स पूर्ण उघडी आणि माणूस एक मीटरवर असेल तर धारदार पट्टा जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. फोकस केल्यावर चौकट जुळवण्यासाठी शरीर किंचित पुढे-मागे झालं तरी डोळा सुटतो. अशा वेळी f/२.८ वर या. पट्टा दुप्पट होतो आणि लेन्सही जास्त नेटकं काम करते.

नेहमीच्या के प्रकारच्या स्क्रीनमध्ये (व्ह्यूफाइंडरमधली फोकसची काच) मधोमध दुभंगलेली प्रतिमा, तिच्याभोवती मायक्रोप्रिझमचं कडं आणि मग साधा मॅट भाग असतो. फोकस जमला की दुभंगलेले दोन भाग जुळतात, पण त्यासाठी उभी रेघ लागते: दाराची चौकट, चष्म्याची कडा, नाकाची रेषा. नुसत्या गालावर तो काही सांगत नाही, तिथे कडं वापरा. f/४.५ किंवा त्याहून मंद लेन्स लावली की दुभंगलेल्या वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडतो. बिघाड नाही, त्या रचनेचा तो गुणच आहे. डोळा थोडा हलवून बघा किंवा मॅट भागावर फोकस करा. कायम मंद किंवा लांब लेन्स वापरणाऱ्यांनी दुभंगलेला भाग नसलेली बी किंवा चौकटीच्या रेघा असलेली ई स्क्रीन घ्यावी. इमारती आणि क्षितिज सरळ ठेवायला ई फार कामाची.

हलत्या माणसांमागे लेन्स फिरवत बसू नका. २८ मिमी लेन्स f/८ वर आणि फोकस सुमारे ३.३ मीटरवर ठेवलात तर साधारण १.६ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्वीकारार्ह धारदार येतं. f/११ ला फोकस २.४ मीटरवर ठेवा, मग १.२ मीटरपासून पुढचं सगळं पट्ट्यात येतं. गर्दीत हाच मार्ग ऑटोफोकसपेक्षा वेगवान ठरतो.

चष्मा असेल तर साधा एफ३ की एचपी (हाय आयपॉइंट)?

एचपी, विचार करू नका. त्याच्या प्रिझममधून डोळा २५ मिलिमीटर लांब असतानाही पूर्ण चौकट आणि आकडे दिसतात. मोबदल्यात प्रतिमा किंचित लहान दिसते (०.७५ पट, साध्या डीई-२ मध्ये ०.८ पट) आणि वजन थोडं वाढतं. प्रिझम अदलाबदल करता येतं: दोन्ही बाजूंचे खटके मागे ओढून ते वर उचलायचं. मीटर प्रिझममध्ये नसून कॅमेऱ्याच्या तळाशी आहे. आरशातल्या अतिसूक्ष्म छिद्रांतून आलेला प्रकाश मागचा छोटा आरसा खाली पाठवतो. त्यामुळे कोणतंही प्रिझम लावलं तरी माप तेच राहतं. मात्र दोन्ही प्रिझमच्या आयपीसचा आकार वेगळा आहे, नंबरची काच मागवताना ते बघा.

रोल भरताना काय चुकतं?

मागचं दार उघडायला रिवाइंडच्या खुंटीखालचा छोटा खटका बाजूला करून मग खुंटी वर ओढायची. नुसती ओढून उघडत नाही, आणि ते बरंच आहे. रोल बसवा, फिल्मचं टोक उजवीकडच्या गुंडाळीच्या फटीत खोचा, लिव्हर हळू फिरवून दात छिद्रांत बसलेत का बघा. वरचीच नाही, खालची छिद्रंही. मग दार लावा, खुंटीने फिल्मचा ढिलेपणा काढा आणि लिव्हर फिरवताना खुंटी उलटी फिरते का ते पाहा. ती फिरत नसेल तर फिल्म पुढे जातच नाहीये, काउंटर काहीही दाखवो.

काउंटरवर १ येईपर्यंत कॅमेरा १/८० वरच शटर सोडतो. लेन्सवर टोपी असताना ऑटोवर (वेग कॅमेरा ठरवतो तेव्हा) आठ-आठ सेकंद अडकून पडू नये म्हणून ही सोय आहे. ती माहीत नसल्यामुळे चांगला कॅमेरा बिघडलेला समजून परत केला जातो.

रोल संपला हे कसं कळतं?

लिव्हर अर्ध्यात घट्ट होतो. तिथेच थांबा. सदतिसावी फ्रेम काढायच्या मोहात जोर लावला की छिद्रं फाटतात किंवा फिल्म डबीतल्या गाभ्यापासून सुटते, मग अंधाऱ्या खोलीशिवाय दार उघडता येत नाही. रिवाइंडचं बटण दाबा, खुंटी बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. फार कोरड्या हवेत भराभर फिरवलं तर स्थिर विजेच्या ठिणग्यांचे फांद्यांसारखे डाग फिल्मवर उमटतात.

कोणत्या लेन्स चालतात?

एआय आणि एआय-एस (लावलेलं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्याला आपोआप कळवणाऱ्या निकॉनच्या लेन्स) सगळ्या. ऑटोफोकसच्या जमान्यातल्या डी प्रकारच्या लेन्सही चालतात, कारण त्यांच्यावर अ‍ॅपर्चरचं कडं आहे. फक्त त्यांचं फोकसचं कडं सैल आणि कमी फिरणारं असतं, म्हणून बारीक फोकसला त्रास होतो. जी प्रकारच्या लेन्सवर अ‍ॅपर्चरचं कडंच नाही, त्यामुळे त्या सर्वात लहान छिद्रावर अडकून राहतात. घेऊ नका. एआयपूर्वीच्या लेन्स लावायच्या तर माउंटजवळची जोडणीची पट्टी आधी वर उचलून ठेवावी लागते आणि अ‍ॅपर्चर बंद करून माप घ्यावं लागतं.

पहिली लेन्स म्हणून ५० मिमी घ्या. दुसरी माणसांसाठी हवी असेल तर १०५ मिमी f/२.५, मोकळ्या चौकटीसाठी हवी असेल तर २८ मिमी f/२.८ एआय-एस, जी २० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. ५५ मिमी f/२.८ मायक्रो (अगदी जवळून टिपणारी) उत्तम आहे, पण जुन्या नगांमध्ये वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं आणि पाती रेंगाळतात. मागच्या बाजूची अ‍ॅपर्चरची पट्टी बोटाने दाबून सोडा. पाती खट्कन मिटली पाहिजेत.

फ्लॅशचं काय?

एफ३चा सगळ्यात कमजोर भाग हाच. फ्लॅशची जागा रिवाइंडच्या खुंटीवर आहे आणि तिचा आकार नेहमीच्या फ्लॅशशी जुळत नाही. नेहमीच्या फ्लॅशसाठी एएस-४ किंवा एएस-७ हा जोड लागतो. यात एएस-७ सोयीचा, कारण तो न काढता रोल बदलता येतो. नाहीतर वायर लावून सिंक सॉकेटमधून काम भागवा. सिंकचा, म्हणजे फ्लॅश आणि शटर जुळण्याचा, कमाल वेग फक्त १/८०. त्याहून वेगवान ठेवलात तर फोटोच्या एका बाजूला उभा काळा पट्टा येतो. भर उन्हात फ्लॅश भरून फोटो काढणं तुमचं मुख्य काम असेल तर हा कॅमेरा तुमच्यासाठी नाही.

जुना नग घेताना काय तपासायचं?

सेल स्वतःचे न्या. दार बंद करून काउंटर १ च्या पुढे न्या, मगच वेग तपासा. १ सेकंद, १/२, १/४ कानाने कळतात. मग लेन्स एका सारख्या उजेडातल्या भिंतीकडे धरा, ऑटोवर ठेवा आणि अ‍ॅपर्चरचं कडं एकेक घर फिरवा. प्रत्येक घराला वेग दुप्पट किंवा निम्मा व्हायला हवा. आकडे मध्येच उड्या मारत असतील तर आतली प्रतिरोधाची पट्टी घासलेली किंवा मळलेली आहे. कडं आणि ISO ची तबकडी पाच-पन्नास वेळा पूर्ण फिरवून पुन्हा बघा. मळ असेल तर सुधारतं, झीज असेल तर नाही.

आकड्यांची काच नीट पाहा: फिकट आकडे, तुटलेल्या रेघा, कडेने पसरलेला काळा डाग. डाग पसरतच जातो. अंधारात आकडे उजळणारा छोटा दिवा मुळातच मंद आहे, त्यामुळे तो मंद असल्याची तक्रार नको, पण लागतो का ते बघा.

मागचं दार उघडून शटरचा पडदा बघा. हलके चर चालतील, घडी किंवा भोक नको. तळाशी मोटर ड्राइव्हसाठीचं (फिल्म आपोआप पुढे सरकवणारी मोटर) लहान झाकण जागेवर आहे का? ते हरवलेले नग पुष्कळ दिसतात, आणि त्या जागेतून प्रकाश आत जाऊ शकतो. सेलच्या कप्प्यात हिरवा-पांढरा गंज असेल तर किंमत कितीही कमी असो, विचार करा. याउलट पितळ दिसू लागलेल्या कडांची काळजी नको. काळा रंग उडालाय एवढाच त्याचा अर्थ.

फोटोत दोष आला तर तो कुठला हे कसं ओळखायचं?

निगेटिव्ह हातात घ्या, फक्त स्कॅन बघून सांगता येत नाही. फिल्म पूर्ण कोरी आहे, पण कडेचे आकडे आणि कंपनीचं नाव छापलेलं दिसतंय? मग धुलाई ठीक आहे, फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नव्हती. कडेचे आकडेही नाहीत? दोष धुलाईचा.

प्रकाशाचा पट्टा फ्रेमच्या बाहेर, छिद्रांपर्यंत गेला असेल तर दाराचे सील गेलेत. तो फक्त फ्रेमच्या आत, रोज त्याच जागी येत असेल तर पडद्याला भोक आहे. १/१००० आणि १/२००० लाच एक बाजू काळपट येत असेल तर दोन पडद्यांची गती जुळत नाही. शटर आडवं धावतं म्हणून हा फरक डावी-उजवीत दिसतो. हे काम कारागिराचं. लांबीभर एक सरळ बारीक ओरखडा असेल तर दाबपट्टी किंवा डबीच्या मखमलीवर कचरा आहे. फ्रेम एकमेकींवर चढत असतील तर फिल्म ओढणारी यंत्रणा झिजली आहे.

व्ह्यूफाइंडरमध्ये धारदार, फिल्मवर मऊ? आधी स्क्रीन काढून पुन्हा नीट बसवा, ती तिरकी बसली असण्याची शक्यता सर्वात जास्त.

फोम स्वतः बदलता येतो का?

येतो, पण दोन जागा वेगळ्या समजा. दाराचे सील निवांत बदला: लाकडी काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना चिकटा काढा, शटरच्या पडद्यावर आधी कागदाचा तुकडा ठेवा, कारण पडद्यावर काडी टेकली की नुकसान झालंच. आरशाच्या वरची फोमपट्टी चिवट झाली की आरसा तिला क्षणभर चिकटतो, आणि तिचे काळे कण स्क्रीनवर पडतात. ती बदलताना कॅमेरा उलटा धरा, म्हणजे कण आरशावर पडणार नाहीत. आरसा कधीही पुसू नका. हवेचा फुगा पुरे.

एमडी-४ मोटर ड्राइव्ह घ्यावा का?

पकड सुंदर होते, कॅमेऱ्यालाही त्याच्यातूनच वीज मिळते. पण आठ पेन्सिल सेल आणि वजन. तिवईवर किंवा खेळांसाठी घ्या, रस्त्यावर फिरायला नको.

तिवईवर काढलेले फोटो हलल्यासारखे येतात, का?

१/१५ ते १/२ सेकंदाच्या दरम्यान आरशाचा धक्का दिसतो. आरसा वर अडकवण्याचा लिव्हर पुढेच आहे. आरसा वर गेला की मीटरला प्रकाश मिळत नाही, म्हणून आधी माप घेऊन वेग मॅन्युअलवर लावा, मग आरसा उचला आणि केबलने शटर सोडा. शटरच्या बटणात नेहमीच्या केबलचे आटे आहेत. ऑटोवर टायमर लावून बाजूला होणार असाल तर आयपीसचा आतला पडदा बंद करा, मागून येणारा उजेड माप चुकवतो.

एफ३, एफएम३ए आणि लायका एम६ यांत निवड कशी करायची?

एफएम३ए निकॉनचाच, हलका, सेलशिवाय सगळ्या वेगांवर चालतो, १/४००० पर्यंत जातो, फ्लॅश सिंक १/२५०. डोंगरात किंवा लांबच्या प्रवासात तोच शहाणपणाचा. मात्र त्याचा व्ह्यूफाइंडर पूर्ण चौकट दाखवत नाही आणि प्रिझम बदलता येत नाही. एम६ रेंजफाइंडर आहे, म्हणजे लेन्समधून नव्हे, वेगळ्या खिडकीतून बघायचं. आवाज कमी, २८ ते ५० मिमीला अप्रतिम, पण जवळून आणि लांब लेन्सने काम करायचं तर अडचण. चौकट काटेकोर लागते, १०५ मिमी किंवा मायक्रो लेन्स वापरायची आहे, दिवसभर डोळा व्ह्यूफाइंडरला लावून काम करायचं आहे, तर एफ३ एचपी.

वापरात नसताना कसा ठेवायचा?

सेल काढून. चामड्याच्या बंद केसमध्ये नको, ती ओलावा धरते आणि लेन्सवर बुरशी चढते. घट्ट डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा, जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्या. महिन्यातून एकदा सेल घालून सगळ्या वेगांवर काही वेळा शटर सोडा, अ‍ॅपर्चरचं आणि फोकसचं कडं टोकापासून टोकापर्यंत फिरवा.